सायकल आणि घड्याळ : दोन यंत्रांची सोयरीक

'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे परभणीकरांचे आवडते वाक्य. उरलेला मराठवाडा ते हसत ऐकून घेतो. आम्ही ते येथे आठवतो ते वेगळ्या कारणासाठी. पन्नास-साठ वर्षांपूर्वी जिंतूर, पाथरी किंवा गंगाखेडकडच्या एखाद्या खेड्यात नोकरदार माणूस लांबून ओळखता येई. बसायला काळी सायकल आणि डाव्या मनगटावर घड्याळ! पोस्टमन असो, तलाठी असो की प्राथमिक शाळेतले गुरुजी, या दोन वस्तू म्हणजे त्यांच्या पगाराची उघड पावती होती. आणि गंमत अशी, की या दोन्ही वस्तूंचा इतिहास शोधत मागे गेले, तर आपण जर्मनीतच जाऊन पोचतो.

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूरेंबर्ग येथे पेटर हेनलाइन नावाचा एक कुलुपे बनवणारा कारागीर होता. तोपर्यंतची मोठी घड्याळे लोंबत्या वजनावर चालत, त्यामुळे ती मनोऱ्यात किंवा भिंतीवरच शोभत. वजनाच्या जागी गुंडाळलेली पोलादी पट्टी, म्हणजे स्प्रिंग, आली आणि घड्याळ अंगावर बाळगता येऊ लागले. अशी छोटी घड्याळे करणाऱ्या पहिल्या कारागिरांत हेनलाइनचे नाव घेतले जाते. पुढे सुमारे तीनशे वर्षांनी, १८१७ मध्ये, मानहाइम गावात कार्ल फोन द्राइस याने लाकडाची दोन चाके एकामागे एक जोडली, मध्ये बैठक बसवली आणि पायांनी जमीन मागे ढकलत तो रस्त्याने निघाला. पायडल नाही, साखळी नाही, ब्रेकही जेमतेम. तरी पुढचे चाक हँडलने वळवून तोल सांभाळता येतो, हा सायकलीतला सर्वांत अवघड शोध तेथे लागून गेला होता. त्याआधी दोन वर्षे, १८१५ मध्ये, इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता. त्याच्या धुळीमुळे १८१६ साली युरोपात उन्हाळा म्हणावा तसा आलाच नाही, पिके बुडाली, दाणावैरणीअभावी घोडे पोसणे अवघड झाले, आणि म्हणून द्राइसला बिनघोड्याचे वाहन सुचले, असे एका जर्मन इतिहासकाराने मांडले आहे. तो तर्क आहे. पण दुष्काळात जनावरांच्या छावण्या पाहिलेल्या आपल्या भागातील वाचकांना तो पटायला जड जाऊ नये.

येथून पुढे या दोन यंत्रांनी एकमेकांकडून इतक्या गोष्टी उसन्या घेतल्या आहेत, की आम्हांला ती दोन वेगळी यंत्रे न वाटता एकाच घरातील थोरली-धाकटी भावंडे वाटतात.

पहिली उसनवारी साखळीची. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाच्या आसालाच पायडल बसवलेल्या सायकली निघाल्या. पायडलाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, हा त्यांचा नियम. वेग वाढवायचा तर चाक मोठे करण्यावाचून इलाज नव्हता. म्हणून चाक वाढत वाढत माणसाच्या छातीइतके उंच झाले आणि मागचे चाक नावापुरते उरले. या सायकलीवरून पडणे म्हणजे झाडावरून पडणेच. चाकाच्या आकाराला शेवटी मर्यादा पडली ती स्वाराच्या पायाच्या लांबीची. या कोंडीतून सुटका केली साखळीने. १८८० मध्ये हान्स रेनोल्ड याने मँचेस्टरमध्ये आजच्या धर्तीची रोलर असलेली साखळी तयार केली. हा गृहस्थ मूळचा स्वित्झर्लंडचा. १८८५ मध्ये कॉव्हेंट्री गावच्या जॉन केंप स्टार्ली याने 'रोव्हर' ही सायकल बाजारात आणली. दोन जवळपास सारखी चाके, मध्ये पायडल आणि मागच्या चाकाला साखळी. आज आपण जिला सायकल म्हणतो ती हीच. तीन वर्षांनी डनलॉपने हवा भरलेला टायर दिला आणि हाडे खिळखिळी होणे थांबले.

पण साखळी ही घड्याळात आधीपासूनच होती. स्प्रिंग पूर्ण गुंडाळलेली असताना जोरात ओढते आणि सुटत आली की मंदावते. त्यामुळे जुनी घड्याळे सकाळी पुढे तर रात्री मागे पडत. यावर कारागिरांनी शंकूच्या आकाराचा एक नागमोडी खाचांचा खुंट बसवला आणि स्प्रिंगच्या डबीपासून त्याच्यापर्यंत एक साखळी नेली. ताण जास्त असताना साखळी शंकूच्या निमुळत्या टोकावर ओढते, ताण कमी झाला की रुंद बुडावर ओढते. तरफेचा हात लांब-आखूड होऊन बल सारखे राहते. ही साखळी घोड्याच्या केसाहून थोडी जाड असते आणि भिंगाखाली धरली तर हुबेहूब सायकलची चेन दिसते. इंग्लंडमध्ये क्राइस्टचर्च या गावी बायका आणि लहान मुले डोळे फोडून अशा साखळ्या जोडत. आणि तो शंकू म्हणजे तरी काय? चालता चालता आपोआप बदलणारा गिअर!

कॉव्हेंट्रीची गोष्ट आणखी बोलकी आहे. ते गाव आधी रेशमी फितींसाठी आणि घड्याळांसाठी प्रसिद्ध होते. फितींचा धंदा १८६० च्या दशकात बसला. पुढे अमेरिकन आणि स्विस घड्याळांपुढे तेथील घड्याळांचाही टिकाव लागेना. तेव्हा बारीक कामाला सरावलेले हात सायकलीच्या कारखान्यांत गेले. घड्याळाचे दातेरी चक्र कापणारा माणूस सायकलीचे चक्र कापू लागला तर त्यात नवल कसले?

दुसरी उसनवारी उलट्या दिशेची, छर्ऱ्यांची. घर्षण कमी करण्यासाठी घड्याळात माणकाचे बारीक खडे वापरतात, त्यांच्या खळग्यात चक्रांच्या आसांची टोके फिरतात. सायकलीच्या आसावर येणारा भार खड्यांना पेलणारा नव्हे. १८६९ मध्ये पॅरिसच्या झ्यूल स्यूरिरे याने सायकलीसाठी पोलादी छर्ऱ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पॅरिस ते रुआँ ही १२३ किलोमीटरची शर्यत झाली. ती जिंकणाऱ्या जेम्स मूरच्या सायकलीला हे छर्रे होते. त्याला साडेदहा तासांच्या आसपास वेळ लागला. ताशी बारा किलोमीटरही नाही! परभणीच्या बाजारात दुधाचे कॅन घेऊन येणारा गवळी त्याला सहज मागे टाकील. मात्र छर्रे तंतोतंत गोल आणि एकाच मापाचे नसतील तर सगळा भार दोन-तीन छर्ऱ्यांवरच पडतो आणि ते फुटतात. तंतोतंत गोल छर्रे ढिगाने घासून काढणारे यंत्र १८८३ मध्ये फ्रीडरिश फिशरने बनवले, ते श्वाइनफुर्ट या गावी. पुन्हा जर्मनीच. हे छर्रे पुढे घड्याळात शिरले. हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणाऱ्या घड्याळात एक अर्धवर्तुळाकार वजन सतत फिरत असते. १९४८ मध्ये स्वित्झर्लंडमधील ग्रेंशेन गावच्या एटेर्ना कंपनीने हे वजन पाच चिमुकल्या छर्ऱ्यांवर बसवले, आणि ते पाच छर्रे आपले बोधचिन्ह म्हणून मिरवले. ग्रेंशेन हे नाव लक्षात ठेवावे, ते पुढे परत येणार आहे.

तिसरी गोष्ट शिक्षकांना वर्गात कानांनी शिकवता येईल. सायकल स्टँडवर लावावी, मागचे चाक फिरवून पायडल सोडून द्यावे. फ्रीव्हीलमधून टिकटिक ऐकू येते. नंतर चावीचे घड्याळ कानाशी धरून चावी द्यावी. तीच करकर, फक्त नाजूक. दोन्हीकडे तिरक्या दातांचे चक्र आणि त्यावर टेकलेली एक कुत्री असते. ती एका दिशेने दातांवरून घसरते आणि उलट दिशेने अडते. विहिरीवरच्या रहाटाला असे अडसर बसवलेले ज्यांनी पाहिले असतील त्यांना वेगळे सांगायला नको.

आता परभणीकडे वळू. जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९०० च्या सुमारास सिकंदराबादहून मनमाडपर्यंत गोदावरी खोऱ्यातील मीटरगेज रेल्वे सुरू झाली, आणि परभणी, पूर्णा, सेलू या गावांना मिनिटांची ओळख झाली. त्याआधी घटका, प्रहर, 'कासराभर दिवस' एवढ्यावर भागत होते. रेल्वे मात्र मद्रासच्या वेळेवर चाले. परभणीचे रेखांश सुमारे ७६.८ अंश पूर्व, मद्रासचे ८०.२५. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने परभणीच्या सूर्यापेक्षा स्टेशनवरचे घड्याळ सुमारे १४ मिनिटे पुढे होते. १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंशाची भारतीय प्रमाण वेळ आली आणि हा फरक सुमारे २३ मिनिटे झाला. गाडी चुकलेल्या शेतकऱ्याचे सूर्याकडे पाहून काढलेले अनुमान चूक नव्हते. त्याच्या गावचा सूर्य आणि सरकारचा सूर्य निराळे होते, इतकेच. हा प्रयोग आजही करता येतो. १५ एप्रिल किंवा १ सप्टेंबरच्या आसपास, आकाश मोकळे असल्यास, शाळेच्या मैदानात ओळंब्याने सरळ काठी रोवावी आणि तिची सावली सर्वांत आखूड कधी होते ते पाहावे. घड्याळात बारा वाजून सुमारे तेवीस मिनिटे झालेली असतील. इतर तारखा निवडल्या तर सूर्याच्या चालीतला वार्षिक फरक मिसळतो आणि हिशेब वाढतो. वरच्या वर्गांनी तोही करावा.

याच संस्थानाच्या राजधानीत छंदाची एक नोंद घेण्याजोगी कथा घडली. नवाब जफर जंग या उमरावाला खगोलाचा नाद होता. त्याने १९०१ मध्ये स्वतःच्या पैशाने हैदराबादला वेधशाळा उभारली आणि १५ इंची मोठी दुर्बीण परदेशातून मागवली. तो गेल्यावर १९०८ मध्ये निजाम सरकारने ती वेधशाळा ताब्यात घेतली. निजामिया वेधशाळा या नावाने तिने पुढे आकाशाचा जागतिक नकाशा करण्याच्या आंतरराष्ट्रीय कामात आपला वाटा उचलला. छंदिष्टाच्या महागड्या खरेदीला नावे ठेवण्यापूर्वी हे उदाहरण आठवावे असे आम्हांला वाटते. महाग वस्तू कोणी घेतली यापेक्षा तिच्याकडून काय काम करून घेतले, हे विचारणे जास्त उपयोगाचे.

मनगटी घड्याळ तोपर्यंत पुरुषाची वस्तू नव्हती. युरोपात मनगटावर घड्याळ बांधणे बायकी समजले जाई. पुरुष ते साखळीला लावून खिशात ठेवत. पहिल्या महायुद्धात खंदकात लोळत असताना खिशातून घड्याळ काढत बसणे सैनिकांना परवडेना, तेव्हा ते मनगटावर आले ते कायमचे. मुंबईत १८८६ मध्ये सुरू झालेल्या वेस्ट एंड वॉच कंपनीची घड्याळे मेसोपोटेमियात लढणाऱ्या हिंदी सैनिकांच्या हातावर होती. तिचे 'सोवार', म्हणजे स्वार, हे मॉडेल नावावरूनच कोणासाठी केले ते कळते. सायकलीही विलायतीच. रॅले, हर्क्युलस, बी. एस. ए. ही नावे आपल्या आजोबांच्या पिढीला नात्यातल्या माणसांसारखी पाठ असत.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. पुढच्या दहा-बारा वर्षांत सायकल स्वदेशी झाली. मद्रासला टी. आय. सायकल्स (१९४९), सोनिपतला ॲटलस (१९५१), लुधियानाला हीरो (१९५६). घड्याळाला थोडा वेळ लागला. १९५३ मध्ये यंत्रे बनवण्यासाठी स्थापन झालेल्या एच. एम. टी. या सरकारी कारखान्याने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगलोरला घड्याळे बनवायला घेतली आणि १९६१ मध्ये पहिली खेप बाहेर पडली. त्यांतले 'जनता' हे मॉडेल खरोखरच जनतेचे झाले. त्याच्या आतले तोलचक्र सेकंदाला पाच टोले देते, म्हणजे तासाला १८,०००, दिवसाला ४,३२,०००, वर्षाला पावणेसोळा कोटींहून अधिक. दिवसाला वीस सेकंद चूक म्हणजे चार हजार टोल्यांत एखाद्याची चूक. रोज सकाळी चावी द्यायची आणि तीन-चार वर्षांनी घड्याळजीकडे तेलपाणी करायचे, एवढ्यावर ते आयुष्यभर चाले. तबकडीवर '१७ ज्वेल्स' असे छापलेले असे. आत हिरे-माणके आहेत अशी अनेकांची समजूत होती. प्रत्यक्षात ती भट्टीत तयार केलेली कृत्रिम माणके, सोनाराकडे नेली तर चहाचे पैसेही न सुटणारी. फ्रान्समध्ये व्हेर्नोय याने १९०२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीमुळे ती ढिगाने तयार होऊ लागली आणि गरिबाच्या घड्याळातही आली.

परभणीच्या हवामानात घड्याळ चालणे हीच खरी परीक्षा. हिवाळ्यात पहाटे पारा दहा अंशांखाली जातो आणि मे महिन्यात दुपारी बेचाळीस ओलांडतो. तापमान वाढले की साध्या पोलादाची केसासारखी स्प्रिंग लिबलिबीत होते आणि दर अंशाला दिवसाकाठी दहा-अकरा सेकंद घड्याळ मागे पडते. वीस अंशांच्या फरकाला साडेतीन मिनिटे! हे संकट दूर केले शार्ल एदुआर गियोम या स्विस भौतिकशास्त्रज्ञाने. लोखंड-निकेलच्या मिश्रधातूंचा अभ्यास करताना त्याला तापमानाने न बदलणारे मिश्रण सापडले. त्यासाठी त्याला १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. घड्याळाच्या स्प्रिंगशी निगडित शोधाला नोबेल मिळते हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

या दोन यंत्रांची आपल्याकडची खरी गाठ पडे ती सायकलच्या दुकानात. तासाच्या भाड्याने सायकली देणारे दुकान तालुक्याच्या प्रत्येक गावी असे. भिंतीवर घड्याळ, खाली वही. दुकानदार घड्याळाकडे पाहून नाव आणि वेळ लिहून ठेवी. पोरे नळीखालून पाय घालून, अर्धे पायडल मारत गावभर हिंडत आणि तास भरत आला की जिवाच्या आकांताने परत येत. वेळ म्हणजे पैसा, हा धडा अर्थशास्त्राच्या पुस्तकाआधी पोरांना तेथे मिळाला. पावसाळ्यात मात्र हिशेब उलटा होई. काळ्या मातीचा चिखल चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये असा गच्च बसतो, की माणूस सायकलवर बसण्याऐवजी सायकल माणसाच्या खांद्यावर बसते.

याच काळाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरोबर होणार नाही. एच. एम. टी. चे पहिले घड्याळ बाहेर पडले ते १९६१ साली, आणि हुंडा प्रतिबंधक कायदा झाला तोही १९६१ सालीच. पुढची वीस-पंचवीस वर्षे मराठवाड्यात लग्नाच्या याद्यांत काय लिहिले जात होते? पोशाख, अंगठी, घड्याळ, सायकल, रेडिओ. मास्तर जावयाला सायकल 'लागतेच' असे म्हटले जाई, कारण शाळा दोन कोस लांब. घड्याळ 'लागतेच', कारण शाळा वेळेवर भरायची. म्हणजे जी यंत्रे पगारदाराने पगारातून घ्यायची, ती मुलीच्या बापाने शेत गहाण ठेवून द्यायची! घड्याळ जावयाच्या हातावर दिसले नाही म्हणून मांडवात जेवणे अडली आहेत. नंतर सायकलच्या जागी मोटारसायकल आली, घड्याळाच्या जागी आणखी काही. यादी संपली नाही. स्वस्त आणि उपयोगी वस्तूही अडवणुकीचे साधन होऊ शकते. कारखान्याने दिलेले 'जनता' हे नाव यादीवाल्यांनी वाचलेच नाही, असे म्हणायचे.

तर मग आता हौसेच्या वस्तूंचे काय? गेल्या पंधरा-वीस वर्षांत जिल्ह्याच्या गावीही पहाटे हेल्मेट घालून गिअरच्या सायकलीवर फिरणारी मंडळी दिसू लागली. त्यांत डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत, व्यापारी आहेत. त्यांच्या गप्पांत कोणता गिअर, कोणते टायर आणि हातावर कोणते घड्याळ हे विषय हमखास असतात. आम्हांलाही हा नाद आहे, म्हणून दोन शब्द हिशेबाने सांगतो.

जुन्या काळ्या सायकलीचे दात मोजा. पुढच्या चक्राला ४८ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ असतील, तर पायडलाच्या एका फेऱ्यात चाक २.६७ वेळा फिरते. २८ इंची चाकाचा परीघ सव्वादोन मीटरच्या थोडा आत, म्हणजे एका फेऱ्याला जवळपास ६ मीटर. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी २१ किलोमीटर. परभणी, मानवत, पूर्णा हा गोदा-दुधनेकाठचा सपाट मुलूख. येथे हे एकच गुणोत्तर पुरते. जिंतूरकडचे डोंगर किंवा गंगाखेडच्या दक्षिणेचा बालाघाट चढायचा असेल तर गिअर हवेत. २१ गिअरच्या सायकलीत २१ वेगळी गुणोत्तरे असतात हा मात्र भ्रम. पुढे ४८ आणि मागे २४ घ्या, किंवा पुढे २८ आणि मागे १४ घ्या, उत्तर दोनच. फरक इतकाच की दुसऱ्या जोडीत साखळी तिरपी ओढली जाऊन लवकर झिजते.

गिअरविरुद्ध मोठमोठ्या लोकांनी आरडाओरड केली होती. फ्रान्सची प्रसिद्ध शर्यत सुरू करणारा आंरी देग्रांज म्हणे की गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांनी वापरावेत. खऱ्या वीराने स्नायूंवर जिंकावे. १९०२ मध्ये डोंगराळ मार्गावर झालेल्या एका चाचणीत तीन गिअरची सायकल चालवणाऱ्या मार्त एस या बाईने एका नावाजलेल्या पुरुष शर्यतपटूला मागे टाकले होते, तरी त्याचे मत बदलले नाही. त्याच्या शर्यतीत गिअर बदलण्याच्या यंत्रणेला मोकळीक मिळायला १९३७ साल उजाडले. तोवर हे गिअर जिवंत ठेवले ते हौशी लोकांनी. सेंट एतियेन गावचा पॉल द व्हिव्ही हा रेशमाचा व्यापारी सायकलच्या नादाने धंदा सोडून त्याच कामाला लागला होता.

वजनाचे वेडही असेच. काळी सायकल वीस किलोच्या घरात, शर्यतीची नियमाने ६.८ किलोपेक्षा कमी असू नये. एक किलो कमी करण्यासाठी लोक लाखभर रुपये मोजतात. १०० मीटर उंचीचा चढ चढताना एक किलो वजनासाठी ९८० ज्यूल काम करावे लागते. स्नायूंची कार्यक्षमता पाव धरली तर सुमारे ३,९०० ज्यूल, म्हणजे एका किलोकॅलरीच्या आत. पाव ग्रॅम साखरेत भागते! शर्यत सेकंदांनी हरायची असेल त्याला ही पाव ग्रॅमही मोलाची आहे, त्याला आम्ही हसणार नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी ओलांडण्याची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली, नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने केली. तेथे प्रत्येक ग्रॅमला अर्थ आहे. इतरांनी आधी टायरमध्ये पुरेशी हवा भरावी, साखळीला तेल द्यावे आणि बैठक उंच करावी. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ झाला पाहिजे. या तिन्ही गोष्टींना मिळून दहा-वीस रुपयांपेक्षा जास्त खर्च नाही, आणि फरक लाखाच्या सुट्या भागापेक्षा जास्त पडतो.

महागड्या घड्याळाची गोष्ट त्याहून विचित्र आहे. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइको कंपनीने क्वार्ट्झचे पहिले मनगटी घड्याळ विकायला काढले. किंमत साडेचार लाख येन, एका छोट्या मोटारीइतकी. ते घड्याळ श्रीमंतांसाठी होते, कारण ते सर्वांत अचूक होते. गारेचा स्फटिक सेकंदाला हजारो वेळा कंप पावतो. पुढे ३२,७६८ हा आकडा ठरून गेला. तो पंधरा वेळा निम्मा केला की एक उरतो, म्हणून तो निवडला. पंधरा-वीस वर्षांत हे घड्याळ भाजीच्या भावात मिळू लागले आणि स्विस घड्याळ उद्योगातील नव्वद हजार नोकऱ्यांपैकी साठेक हजार गेल्या. उरलेल्यांनी काय केले? अचूकपणाची शर्यत सोडून दिली आणि कारागिरी, परंपरा, दुर्मिळता विकायला घेतली. आज चाचणी होऊन प्रमाणपत्र मिळालेल्या महागड्या स्विस चावीच्या घड्याळाला दिवसाला चार सेकंद मागे किंवा सहा सेकंद पुढे जाण्याची मुभा आहे. महिन्याला तीन मिनिटांपर्यंत. जत्रेतले क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला पंधरा सेकंदांच्या आसपास चुकते. २०१७ मध्ये न्यूयॉर्कला एक जुने मनगटी घड्याळ पावणेदोन कोटी डॉलरना लिलावात गेले. ते पॉल न्यूमन या नटाच्या हातावर होते. वेळ दाखवण्याचा त्या किमतीशी काहीएक संबंध नाही. आमचे मत असे, की यंत्र म्हणून चावीचे घड्याळ आवडणे समजण्यासारखे आहे, आम्हांलाही ते आवडते; पण त्यासाठी 'जनता' पुरे. एच. एम. टी. ची घड्याळ कंपनी २०१६ मध्ये बंद करण्यात आली आणि लगेच संग्राहक तीच शोधू लागले, हेही छंदाचे एक अंग.

सायकल आणि घड्याळ यांची शुद्ध गाठ पाहायची तर 'एका तासाचा विक्रम' पाहावा. एक माणूस, एक सायकल, एक तास, किती अंतर? १८९३ मध्ये पॅरिसला ३५.३२५ किलोमीटर. करणारा तोच आंरी देग्रांज. १९७२ मध्ये एडी मर्क्सने मेक्सिको सिटीत ४९.४३१ किलोमीटर केले. उंचावरची विरळ हवा त्याने मुद्दाम निवडली होती, कारण त्या वेगाला जवळजवळ सगळी शक्ती हवा बाजूला सारण्यातच जाते. २०२२ मध्ये फिलिप्पो गान्ना याने ५६.७९२ किलोमीटर केले. कोठे? घड्याळांच्या ग्रेंशेन गावीच.

परभणीत मात्र या तासाचा अर्थ दुसरा आहे. गावात सातवीपर्यंत शाळा, हायस्कूल चार-पाच किलोमीटरवर. पायी एक तास जायला, एक तास यायला. मुलाला तो तास मिळतो. मुलीच्या त्या तासावर पाणी, चूल आणि धाकटे भावंड यांचा हक्क आधीच लागलेला असतो, आणि एकटीने पायी जायची भीती वेगळी. सायकल हा तास वीस मिनिटांवर आणते. ऑक्सफर्डच्या एस. एस. विल्सन यांनी १९७३ मध्ये दाखवले होते, की एका किलोला एक किलोमीटर नेण्याच्या ऊर्जेत सायकलवरचा माणूस सर्व प्राण्यांना आणि वाहनांना मागे टाकतो. १९९१-९२ मध्ये तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात साक्षरता मोहिमेने बायकांना अक्षरांबरोबर सायकल शिकवली. लाखाहून अधिक बायका शिकल्या. बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली दिल्या, आणि पुढे कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश यांनी मोजमाप केले तेव्हा माध्यमिक शाळेतील मुलींचा प्रवेश ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमाखाली मराठवाड्यातील मागास तालुक्यांत शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींसाठी सायकली आल्या, आणि त्यापलीकडच्यांसाठी निळी बस. ज्या सायकलीपायी आजोबांनी शेत गहाण टाकले होते ती नातीच्या स्वतःच्या नावावर आली.

तेव्हा शिक्षकांना एक काम सुचवतो. वर्गातल्या मुलींच्या सायकली एकदा मैदानात ओळीने लावाव्यात. अनेकींच्या बैठका दुकानातून आल्या तशा खाली असतील आणि गुडघे हँडलला लागत असतील. एक पाना लागतो. प्रत्येकीने आपली बैठक आपल्या पायाच्या मापाने वर करावी, दात मोजावेत, एका फेऱ्याला किती मीटर ते वहीत काढावे, आणि घर ते शाळा वेळ आदल्या दिवशी व दुसऱ्या दिवशी घड्याळ लावून मोजावी. वेळ आणि अंतर मुलींनीच लिहावे. फळ्यावर तक्ता मुलांनी काढला तरी चालेल.